नीटचा निकाल: गुण नाही, रँक वाचा

नीटचा निकाल लागला की घरी पहिला फोन येतो तो "किती मार्क पडले?" विचारायला. पण एमबीबीएसची जागा नुसत्या मार्कांवर ठरत नाही. म्हणून आज स्कोअरकार्डावरचे आकडे एकेक करून समजून घेऊ.

पहिला आकडा गुणांचा. 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला 4 मिळतात, चुकलं तर 1 वजा होतो. 90 प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे, प्रत्येकी 45.

दुसरा आकडा पर्सेंटाइलचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत, हे तो आकडा सांगतो. 2025 मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता 50 पर्सेंटाइलला होती आणि त्यासाठी 144 गुण पुरले. 720 पैकी 144 म्हणजे फक्त 20 टक्के! उलट बाजूनेही बघा. त्या वर्षी सुमारे 22 लाख मुलं बसली होती. 99 पर्सेंटाइल ऐकायला फार मोठं वाटतं, पण त्या मुलाच्या पुढे जवळपास 22 हजार जण असतात.

तिसरा शब्द 'क्वालिफाइड'. पेढे वाटण्याआधी याचा अर्थ नीट लक्षात घ्या. 2025 मध्ये 12 लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली. देशात एमबीबीएसच्या जागा मात्र एक लाखाहून थोड्याच जास्त, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. पात्र म्हणजे काउन्सेलिंगच्या रांगेत उभं राहायची परवानगी, एवढंच. "तुमचं मूल क्वालिफाय आहे, आत्ताच पैसे भरा, सीट पक्की करतो" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. जागा फक्त अधिकृत काउन्सेलिंगमधूनच मिळते.

चौथा आकडा अखिल भारतीय रँकचा. खरा कामाचा हाच. गुण दरवर्षी पेपरप्रमाणे वरखाली होतात. 2024 मध्ये 720 पैकी 720 मिळवणारे कितीतरी होते आणि 650 च्या वरची मुलं हजारोंनी होती. 2025 चा पेपर अवघड गेला, पहिला आलेला विद्यार्थीच 686 वर होता. तेव्हा "गेल्या वर्षी इतक्या मार्कांना अमुक कॉलेज मिळालं" हा हिशेब फसवा आहे. गेल्या वर्षी त्या कॉलेजची शेवटची जागा कितव्या रँकला गेली, ते बघा. तेही आपल्याच प्रवर्गाचं आणि आपल्याच कोट्याचं.

आता कोटा. सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्यांचं काउन्सेलिंग केंद्राची एमसीसी करते, आणि एम्स व अभिमत विद्यापीठंही तिच्याकडेच येतात. उरलेल्या 85 टक्के जागा राज्याच्या. त्यांची गुणवत्ता यादी वेगळी लागते आणि नोंदणीही वेगळी करावी लागते.

इंदूर, बडोदा, हैदराबादकडच्या मराठी घरांनी इथे विशेष लक्ष द्यावं. मातृभाषा मराठी आहे म्हणून महाराष्ट्राचा राज्य कोटा मिळत नाही. साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि अधिवासाचा दाखला लागतो. काही अपवाद आहेत. सीमाभागातल्या ठरावीक गावांसाठी वेगळी तरतूद आहे. बाकीच्यांनी आपण राहतो त्या राज्याचे नियम आधी वाचावेत, कारण तुमचा 85 टक्क्यांचा कोटा बहुधा तिथेच आहे.

ओबीसी विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. राज्याची आणि केंद्राची जातींची यादी एकच नसते. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं. ते आधीच काढून ठेवा.

थोडक्यात, निकालाच्या दिवशी कागदावर तीन गोष्टी लिहा: अखिल भारतीय रँक, प्रवर्ग आणि कोणत्या राज्याचा कोटा लागू होतो. मग गेल्या वर्षीच्या शेवटच्या रँक शेजारी मांडा. पुन्हा वर्षभर तयारी करायची, खासगी कॉलेजची फी भरायची की दुसरा अभ्यासक्रम घ्यायचा, हा निर्णय तो कागद समोर ठेवून, मुलाला शेजारी बसवून घ्या.