खासगी बेटावरील ‘कबाना’ : सावलीचे भाडे आणि डॉलरचा हिशेब

अमेरिकेतील मुलामुलींकडे काही महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांच्या कार्यक्रमात अलीकडे एक नवी भर पडली आहे. फ्लोरिडातील मियामी किंवा पोर्ट कॅनाव्हेरल येथून निघून तीन-चार दिवसांत परतणारी क्रूझ, म्हणजेच प्रवासी जहाजाची सफर. या सफरीत बहामातील एखाद्या बेटावर जहाज दिवसभर थांबते आणि आरक्षण करतानाच संगणकाच्या पडद्यावर विचारणा होते : बेटावर खासगी ‘कबाना’ हवा आहे काय? पुढे काही शे डॉलरचा, कधी त्याहूनही बराच मोठा आकडा असतो. मुलगा म्हणतो, “घेऊ या, बाबा.” बाबा मनातल्या मनात गुणाकार करतात आणि गप्प बसतात. हा गुणाकार करण्यापूर्वी भाडे नेमके कशाचे द्यावयाचे आहे, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

जहाज कंपनीने स्वतःचेच बेट बाळगावे ही कल्पना तशी जुनी आहे. नॉर्वेजियन कंपनीने १९७७ मध्ये बहामातील ग्रेट स्टिरप के हे बेट घेतले आणि या प्रथेचा प्रारंभ झाला. हॉलंड अमेरिका कंपनीने १९९६ मध्ये लिटल सॅन साल्वादोर बेट विकत घेऊन त्याला हाफ मून के असे नाव दिले. डिस्नेचे कास्टअवे के १९९८ मध्ये, तर रॉयल कॅरिबियनचे कोकोके नव्या रूपात २०१९ मध्ये खुले झाले. कार्निव्हल कंपनीने ग्रँड बहामा बेटावर उभारलेले सेलिब्रेशन की हे ठिकाण जुलै २०२५ मधले. अशा ठिकाणी गाव नसते, बाजार नसतो. सारी व्यवस्था, आणि अर्थातच सारी विक्रीही, कंपनीच्याच हाती असते. पुढील हिशेब समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवावे.

‘कबाना’ हा शब्द मूळचा स्पॅनिश; अर्थ झोपडी किंवा खोप. कोकणात माडाच्या झापांनी शाकारलेली खोप ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची रंगीत, सजवलेली अमेरिकी चुलतबहीण ओळखू येईल. वर छप्पर, तीन बाजूंना पडदे किंवा लाकडी भिंती, समोर समुद्र. आत आरामखुर्च्या, मेज, बर्फाच्या पेटीत पिण्याचे पाणी, टॉवेल, बहुतेक ठिकाणी पंखा, आणि हवे-नको पाहणारा सेवक. काही बेटांवर पाण्याखालील मासे पाहण्याची साधने त्याच भाड्यात मिळतात. सहा ते आठ माणसे बसू शकतील एवढी जागा सामान्यतः असते. अधिक माणसांना प्रत्येकी वेगळा आकार पडतो. म्हणजे नक्की किती माणसांचे भाडे भरले आहे, हे पावतीवर पाहून घ्यावे.

आता यात काय येत नाही ते पाहू. किनारा, समुद्रस्नान, साध्या आरामखुर्च्या आणि दुपारचे जेवण या गोष्टी खासगी बेटांवर बहुधा सफरीच्या मूळ भाड्यातच असतात. कबाना न घेणारा प्रवासी उपाशी राहत नाही आणि उभाही राहत नाही. त्याला जे खात्रीने मिळत नाही ते म्हणजे सावली. बहामाच्या या बेटांवर उंच, घनदाट झाडी कमी आहे. वाळू पांढरीशुभ्र असल्याने ऊन खालूनही परावर्तित होते. हजारो प्रवासी एकाच वेळी उतरतात आणि छत्र्यांखालच्या जागा लवकर उतरणाऱ्यांच्या वाट्याला जातात. कबाना मात्र किनाऱ्याच्या मानाने अगदी मोजके असतात. भाडे चढते ते या दुर्मीळतेमुळे. पंखा आणि बर्फ हे निमित्त.

ही दुर्मीळता नाशवंतही आहे. आज रिकामा राहिलेला कबाना उद्या विकता येत नाही, म्हणून कंपन्या मागणीनुसार दर बदलत असतात. मोठ्या सुट्ट्यांत तोच कबाना बराच महाग होतो. सफरीपूर्वी कधी दर उतरतोही. रद्द करण्याची मुदत शिल्लक असेल तर जुने आरक्षण सोडून नव्या, कमी दराने पुन्हा घेणे अनेक कंपन्यांत शक्य असते. जहाजावर चढल्यानंतर घेऊ, असे म्हणणाऱ्याच्या पदरी मात्र पुष्कळदा नकार येतो. नेहमीच्या आणि महागड्या कक्षांतील प्रवाशांना काही कंपन्या आरक्षणाची संधी आधी देतात.

उदाहरणादाखल ६०० डॉलर भाडे धरू. डॉलरचा भाव ९० रुपये मानला तर ५४,००० रुपये झाले. भारतीय कार्डावर परकीय चलनाचा आकार ३.५ टक्के असेल तर १,८९० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे सुमारे ३४० रुपये. एकूण ५६,२३० रुपये. सेवकाची बक्षिसी वेगळीच. सहा माणसांत विभागले तर प्रत्येकी साधारण ९,३७० रुपये. जहाज आठ तास थांबले तरी उतरणे, चालणे, जेवण आणि परतणे वजा जाता हाती पाचच तास उरतात, हे गृहीत धरावे. दोन तरुणांसाठी हा खर्च उधळपट्टी म्हणता येईल. ज्या कुटुंबात सत्तरीचे आजोबा आणि दोन वर्षांचा नातू आहे, औषधे थंड ठेवावयाची आहेत किंवा दुपारी कोणाला आडवे व्हावयाचे आहे, तेथे निर्णय निराळा होतो. आजोबा उन्हामुळे अकरा वाजताच जहाजावर परतले, तर त्यांच्यासोबत आणखी एकालाही परतावे लागते.

खरी अनिश्चितता पुढेच आहे. जहाज बेटाला लागेलच असे नाही. कास्टअवे केला पहिल्यापासून धक्का आहे, कोकोकेला नंतर झाला. परंतु हाफ मून के आणि ग्रेट स्टिरप के येथे वर्षानुवर्षे जहाज दूर नांगर टाकी आणि प्रवाशांना ‘टेंडर’मधून किनाऱ्यावर नेले जाई. बँकेच्या वाचकांनी येथे निविदा समजू नये. टेंडर म्हणजे जहाज आणि किनारा यांच्यात ये-जा करणारी लहान बोट. कोकण किनाऱ्यावर आगबोटी थांबत तेव्हा उतारू पडावातून बंदरात येत, त्याच जातीची ही व्यवस्था. लाटा उसळल्या की ती बंद पडते. धक्का असला तरी हिवाळ्यातील जोरदार वाऱ्यात जहाज लावणे धोक्याचे ठरते, आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. थांबा रद्द करण्याचा अधिकार कप्तानाला असतो आणि प्रवासाच्या करारात तो नमूद असतो. जहाज कंपनीकडूनच घेतलेल्या कबानाचे पैसे अशा वेळी सामान्यतः परत मिळतात. मात्र कित्येकदा ते जहाजावरील खात्यात जमा होतात, मूळ कार्डावर नव्हे. नुसता पाऊस पडला तर परताव्याची अपेक्षा ठेवू नये.

सार्वजनिक बंदरांत चित्र बदलते. मेक्सिकोतील कोझुमेल येथे किनाऱ्यावरील खासगी क्लबांकडून परस्पर कबाना घेता येतो आणि तो स्वस्तही पडतो. मेक्सिकोत समुद्रकिनारा ही राष्ट्राची मालमत्ता असल्याने भाडे वाळूचे नसून खुर्ची, छप्पर आणि खानपानाचे असते. पण जहाज आले नाही तर परतावा त्या क्लबाच्या नियमांवर अवलंबून, आणि उशीर झाल्यास जहाज थांबत नाही. त्यातच घड्याळाचा घोळ. कोझुमेल ज्या राज्यात आहे त्या किंताना रू राज्याने २०१५ पासून वर्षभर एकच वेळ ठेवली आहे. उन्हाळ्यात मियामीहून निघालेले जहाज फ्लोरिडाचीच वेळ पाळत असेल, तर जहाजावर पाच वाजतात तेव्हा किनाऱ्यावरच्या घड्याळात चारच वाजलेले असतात. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो, म्हणून मनगटावरचे घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलेले बरे.

राहिला पैसे भरण्याचा प्रश्न. जहाजावर रोख व्यवहार जवळजवळ नसतो. सारा खर्च प्रवाशाच्या खात्यावर चढतो आणि त्या खात्याला कार्ड जोडावे लागते. कंपनी खर्चाच्या अंदाजाने कार्डावरील रक्कम वेळोवेळी अडवून ठेवते. क्रेडिट कार्डावर त्यामुळे केवळ मर्यादा घटते. डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड असेल तर प्रत्यक्ष शिल्लकच अडकते आणि सफर संपल्यावरही मोकळी होण्यास काही दिवस लागू शकतात. उर्वरित प्रवासाचे डॉलर त्याच फॉरेक्स कार्डावर असतील तर अडचण ओढवते. म्हणून जहाजाच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडावे व फॉरेक्स कार्ड किनाऱ्यावरील खर्चासाठी ठेवावे. मुलाने आपले अमेरिकी कार्ड जोडल्यास चलन-आकाराचा प्रश्नच उद्भवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमांनुसार नवे कार्ड परदेशी वापरासाठी आपोआप सुरू नसते. ते निघण्यापूर्वी सुरू करून योग्य मर्यादा ठरवावी. बंदरातील विक्रेत्याने “रुपयांत की डॉलरमध्ये?” असे विचारल्यास डॉलर सांगावे, कारण रुपयांचा तेथील दर विक्रेत्याच्या सोयीचा असतो.

शेवटच्या रात्री खात्याचा तपशील मागवून कबानाचे भाडे दोनदा चढलेले नाही ना, आणि रद्द झाले असल्यास परतावा जमा झाला आहे ना, हे जहाजावरील ग्राहक कक्षातच पाहून घ्यावे. सकाळी त्या खिडकीसमोर मोठी रांग असते.