नाइट व्हिजनची शिट्टी : लष्करी गेममधल्या एका आवाजाचा मागोवा

लष्करी व्हिडिओ गेममध्ये अंधार झाला की खेळाडू एक बटण दाबतो, गॉगल डोळ्यांवर उतरतो आणि टिपेला चढत जाणारी बारीक शिट्टी ऐकू येते. मग पडदा हिरवा होतो. गेल्या पंचवीस वर्षांत गेममधल्या बंदुका, त्यांचे धक्के, भिंतींवरून परतणारे पडसाद, अगदी बुटांखालची वाळूसुद्धा खऱ्याच्या जवळ आली. ही शिट्टी मात्र होती तिथेच आहे. ती कुणी हवेतून काढलेली नाही, तशी शिट्टी घालणारी उपकरणे खरोखर होती. फक्त गेममधले सैनिक जी उपकरणे वापरताना दाखवतात, ती उपकरणे ही नव्हेत.

हा आवाज येतो कुठून, याचे उत्तर नाइट व्हिजनच्या वीजपुरवठ्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1945 साली ओकिनावाच्या लढाईत अमेरिकी सैनिकांनी कार्बाइनवर बसवलेली इन्फ्रारेड दुर्बीण वापरली. तिला स्वतःचा इन्फ्रारेड दिवा लागे आणि बॅटरी सैनिकाच्या पाठीवर असे. व्हिएतनाम युद्धात त्यापुढचे पाऊल पडले. एएन/पीव्हीएस-2 या ‘स्टारलाइट स्कोप’ला दिवा लागत नव्हता, चांदण्याचा उजेड पुरत होता. या दुर्बिणीत प्रकाश वाढवणाऱ्या तीन नळ्या एकामागे एक बसवलेल्या होत्या. पहिल्या नळीच्या तोंडावर पडलेल्या उजेडाचे इलेक्ट्रॉन होत, ते उच्च विद्युत दाबाने पुढे खेचले जात आणि पलीकडच्या फॉस्फरच्या पडद्यावर आदळून पुन्हा उजेड होई, आधीपेक्षा कितीतरी अधिक. हा खेळ तीनदा होई. प्रत्येक नळीला 12 ते 15 हजार व्होल्टच्या घरातला दाब लागे आणि तो काढायचा होता खिशात मावणाऱ्या बॅटरीतून.

बॅटरीची वीज एका दिशेने वाहते, त्यामुळे ती थेट ट्रान्सफॉर्मरमध्ये घालून वाढवता येत नाही. आधी एक ऑसिलेटर तिचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करतो, मग ट्रान्सफॉर्मर तिचा दाब चढवतो आणि शेवटी डायोड व कपॅसिटरची साखळी तो आणखी गुणते. या खटाटोपात ट्रान्सफॉर्मरचा गाभा आणि वेटोळी त्याच वेगाने थरथरतात. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण 20 ते 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो. थरथर या पट्ट्यात आली की शिट्टी ऐकू येते. पहिल्या पिढीच्या उपकरणांत ती ऐकू येत असे. बटण बंद केल्यावरही पडदा काही वेळ हिरवट उजळत राही, कारण कपॅसिटरमधला भार हळूहळू उतरे. रोलच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चार्ज होताना जो बारीक, वर वर जाणारा सूर येई, तो याच जातीचा. फ्लॅशला मात्र सुमारे 300 व्होल्टच पुरतात.

दुसऱ्या पिढीत, 1970च्या दशकात, मायक्रोचॅनेल प्लेट आली. लक्षावधी सूक्ष्म छिद्रे असलेली ही काचेची पातळ चकती. एक इलेक्ट्रॉन एका छिद्रात शिरतो, कडांवर आपटत जातो आणि पलीकडून हजारो बाहेर पडतात. त्यामुळे तीन नळ्यांचे काम एका नळीत होऊ लागले, दाबाची गरज घटली आणि वीजपुरवठा नळीभोवती गुंडाळून राळेत गच्च बुजवता येऊ लागला. तिसऱ्या पिढीत गॅलियम आर्सेनाइडचा प्रकाशग्राही थर आला. आजच्या गेममध्ये सर्रास दिसणारी एएन/पीव्हीएस-14 ही एकडोळी दुर्बीण याच पिढीतली असून एका पेन्सिल सेलवर चालते. ती चालू केल्यावर व्यवहारात आवाज येत नाही. शांत खोलीत उपकरण कानाला लावले तर कदाचित अंधुक गुणगुण जाणवेल. तीव्र उजेडात नळीचा दाब झपाट्याने चालू-बंद करून चित्र वाचवणाऱ्या ‘ऑटोगेटेड’ नळ्यांतून क्वचित बारीक किरकिर येते, तीही वापरणाऱ्याच्याच कानापुरती.

म्हणजे युद्धभूमीवरची शिट्टी जवळपास संपली तेव्हा गेममधली शिट्टी सुरू व्हायची होती. दरम्यान दोन गोष्टी घडल्या. 1991च्या आखाती युद्धात बगदादच्या आकाशातला गोळीबार हिरव्या चित्रांतून घरोघरच्या टीव्हीवर दिसला आणि हिरवा रंग म्हणजे रात्रीचे युद्ध हे समीकरण पक्के झाले. त्याच वर्षीच्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ चित्रपटातल्या तळघराच्या प्रसंगाने नाइट व्हिजनमधून पाहणाऱ्याची नजर प्रेक्षकाच्या डोळ्यांत बसवली. दुसरी गोष्ट बाजारातली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पहिल्या पिढीची स्वस्त रशियन उपकरणे पाश्चात्य देशांत शिकारी आणि हौशी लोकांना सहज मिळू लागली. सामान्य माणसाच्या हाती नाइट व्हिजन आले ते शिट्टीसकटच.

1998च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये नाइट व्हिजन आणि उष्णता पाहणारा थर्मल असे दोन्ही गॉगल होते. त्याच वर्षीच्या ‘डेल्टा फोर्स’मध्येही नाइट व्हिजन होते. 1999च्या ‘हाफ-लाइफ : ऑपोजिंग फोर्स’ने मूळ गेममधली विजेरी काढून सैनिक नायकाला त्या जागी नाइट व्हिजन दिले. आवाजाच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचा ठरला ‘काउंटर-स्ट्राइक’. त्यात 1250 डॉलर मोजून गॉगल विकत घेता येई आणि ‘एन’ दाबले की चालू-बंद होई. चालू होण्याचा एक आवाज, बंद होण्याचा दुसरा. बहुतेक नकाशे लख्ख उजेडातले, त्यामुळे गॉगलचा उपयोग जवळजवळ शून्य. पैसे उरले की लोक तो घेत आणि फेरी सुरू होण्याची वाट पाहताना ‘एन’ बडवत बसत. तो आवाज जवळच्या दुसऱ्या खेळाडूंनाही ऐकू जाई. खऱ्या गॉगलने जे कधी केले नसते, म्हणजे मालकाचा ठावठिकाणा ओरडून सांगणे, ते या गॉगलने इमानेइतबारे केले. 2012च्या ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये खरेदीच्या यादीतून गॉगल गेला आणि फारशी हळहळ कुणाला वाटली नाही.

या आवाजाला चेहरा मिळाला नोव्हेंबर 2002मध्ये. युबीसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओचा ‘स्प्लिंटर सेल’ आला आणि सॅम फिशर हा गुप्तहेर कपाळावर तीन भिंगांचा गॉगल लावून अंधारात उतरला. या गेमचे सारे राजकारण उजेड आणि सावलीचे होते. नायक किती दिसतो आहे हे दाखवणारी पट्टी पडद्यावर कायम असे, आणि खेळाडू दिवे फोडत, सावल्या धरत पुढे सरके. त्यामुळे गॉगल एका मोहिमेत दोन-चारदा नव्हे, पन्नास-साठदाही चढे-उतरे. दर वेळी तीच जोडी : आधी छोटा खटका, मग वर चढत जाणारा सूर. तीन हिरवे ठिपके काळोखात उजळत आणि पडद्यापुढे बसलेल्याला आपला नायक कुठे उभा आहे ते कळे. गेमच्या सोयीसाठी ही युक्ती अचूक होती. सैनिकी दृष्टीने पाहिले तर अंधारात लपणाऱ्या माणसाने कपाळाला तीन दिवे लावावेत याहून मोठा वेडेपणा नाही. पहारेकऱ्यांना ना हे दिवे दिसत, ना शिट्टी ऐकू येई. 2005च्या ‘केऑस थिअरी’ने आवाजाची पट्टीही आणली. आजूबाजूच्या गोंगाटाच्या तुलनेत नायकाची चाहूल किती, हे ती दाखवू लागली. पावलांचा हिशेब झाला, बंदुकीचा झाला, गॉगलचा मात्र झाला नाही. जिथे प्रत्येक आवाजाची किंमत मोजली जाते त्याच गेममध्ये सर्वांत ओळखीचा आवाज फुकटात होता.

पुढच्या काळात हा सूर सॅम फिशरची सहीच झाली. 2018मध्ये तो ‘घोस्ट रिकन : वाइल्डलँड्स’मध्ये पाहुणा म्हणून आला तेव्हा त्याचा गॉगलही बरोबर होता. खऱ्या जगात तीन भिंगांचा गॉगल सैन्यात रूढ झाला नाही, चार नळ्यांचा झाला. रुंद पट्टा दाखवणारा जीपीएनव्हीजी-18 हा तो गॉगल. 2012च्या ‘झीरो डार्क थर्टी’ चित्रपटातून तो जगभर ओळखीचा झाला.

नोव्हेंबर 2007च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी 4 : मॉडर्न वॉरफेअर’ने प्रश्न वेगळ्या अंगाने सोडवला. बटण दाबताच खेळाडूला सैनिकाचा हात दिसतो, तो हेल्मेटवरचा गॉगल खाली ओढतो आणि मग दृश्य बदलते. इथे आवाजाला शरीर मिळाले : काहीतरी हलले, बसले, अडकले. खटका त्यामुळे पटतो, मागोमाग येणारी शिट्टी मात्र जुनीच. 2009च्या ‘मॉडर्न वॉरफेअर 2’च्या महागड्या आवृत्तीबरोबर खरोखर चालणारा गॉगल मिळत होता. आत इन्फ्रारेड दिवे, छोटा कॅमेरा आणि इवलासा पडदा. हजारो व्होल्टची नळीच नसल्याने शिट्टीचेही कारण नव्हते.

2010च्या दशकात चित्राने मोठी उडी घेतली. ‘एस्केप फ्रॉम टारकोव्ह’ या रशियन गेममध्ये पीव्हीएस-14 लावले तर एक वर्तुळ दिसते, जीपीएनव्हीजी-18 लावला तर रुंद जोडवर्तुळ, आणि स्वस्त रशियन उपकरणात दाणे जास्त. उपकरणागणिक फरक करण्याची ही चिकाटी दाद देण्याजोगी आहे. 2019च्या नव्या ‘मॉडर्न वॉरफेअर’ने इन्फ्रारेड प्रकाशाचा वेगळा हिशेब मांडला. लंडनच्या कॅम्डनमधल्या एका घरावर छापा घालण्याची त्यातली ‘क्लीन हाउस’ ही मोहीम आजवरची सर्वांत विश्वासार्ह नाइट व्हिजन मोहीम म्हणावी लागेल, आणि त्याचे श्रेय चित्राइतकेच आवाजाला आहे. वीज तोडलेली, जिने अरुंद, बंदुकीवरचा लेसर फक्त गॉगलमधून दिसणारा. कानावर पडते ते भिंतीपलीकडचे कुजबुजणे, लाकडी पायरीची करकर, तान्ह्या मुलाचे रडणे. गॉगल आधीच डोळ्यांवर असल्याने तो मिरवण्याची गरज उरत नाही.

शिट्टी टिकून राहिली ती आळसामुळे नव्हे. खरा सैनिक पीव्हीएस-14 चालू करतो तेव्हा बोटांना फिरकीचा टप्पा जाणवतो, कपाळाला हेल्मेटचे वजन पुढे झुकल्याचे कळते, भुवईला रबराची वाटी टेकते. खेळाडूकडे यातले काहीच नाही. त्याच्या अंगठ्याखाली बटण असते, आणि बटण दाबल्याची पावती कानातूनच द्यावी लागते. दृश्य बदलायला जो अर्धा-पाऊण सेकंद जातो तो भरायलाही चढता सूर कामी येतो : काहीतरी जागे होते आहे हे तो न सांगता सांगतो. निःशब्द गॉगल खरा असला तरी खेळणाऱ्याला तो बिघडल्यासारखा वाटण्याची शक्यता अधिक. आवाजाच्या कलाकारांची ही तडजोड समजण्यासारखी आहे. तक्रार असलीच तर एवढीच, की त्याच जागी वापरता येण्याजोगे अस्सल आवाज हाताशी असताना फार थोड्यांनी ते घेतले.

ते आवाज यंत्राचे कमी आणि जोडणीचे अधिक. हेल्मेटवरच्या धातूच्या पकडीत गॉगल खाली येऊन बसतो तेव्हाचा कोरडा ‘टक’, फिरकीचे टप्पे, वर उचलताना पुन्हा तोच ‘टक’. अनेक पकडींत गॉगल वर गेला की वीज आपोआप बंद होते, त्याला वेगळा आवाज नसतो. शिवाय आजच्या सैनिकाच्या कानांवर बहुधा इलेक्ट्रॉनिक हेडसेट असतो. तो गोळीचा धडाका दाबतो आणि बारीक चाहूल वाढवतो, म्हणजे रात्रीच्या कारवाईत ऐकू येणारे सगळे जगच गाळून आलेले असते.

थर्मल उपकरणांची गोष्ट उलटी आहे. ती उजेड वाढवत नाहीत, उष्णता पाहतात, आणि ती खरोखरच आवाज करतात. हातात किंवा बंदुकीवर वापरायच्या साध्या थर्मल दुर्बिणीतला सेन्सर हळूहळू भरकटतो, म्हणून काही काळाने त्याच्यासमोर एक छोटे शटर पडते. ‘टिक’ असा आवाज होतो, चित्र क्षणभर गोठते, सेन्सर स्वतःला जुळवून घेतो आणि चित्र पुन्हा सुरू होते. नेमके त्या क्षणी समोरचा हलला तर ते दिसत नाही. गेमच्या रचनेत ताण आणायला ही किती आयती सोय आहे, तरी बहुतेक गेमनी थर्मलला नाइट व्हिजनचीच चढती शिट्टी उसनी दिली. रणगाडे आणि विमानांवरच्या मोठ्या थर्मल कॅमेऱ्यांतले सेन्सर उणे 196 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावे लागतात. त्यासाठीचा स्टर्लिंग पद्धतीचा छोटा शीतक चालू असेतोवर घरघरत राहतो, आणि सेन्सर पुरेसा थंड होईपर्यंत काही मिनिटे चित्रच मिळत नाही. गेममधल्या रणगाड्याचा तोफची मात्र बटण दाबताच पाहू लागतो.