सूचिचिकित्सेस चीगोंग व्यायामाची जोड

सूचिचिकित्सा घेणारा रुग्ण वीस-तीस मिनिटे निश्चल पडून असतो. कारण सुई टोचलेली असताना स्नायू हलल्यास ती वाकण्याचा संभव असतो. येथे सर्व क्रिया चिकित्सकाची. चीगोंग या चिनी व्यायामात स्थिती नेमकी उलट आहे. संथ हालचाल, दीर्घ श्वास व चित्ताची एकाग्रता ही त्याची अंगे होत, आणि ती रुग्णानेच साधावयाची असतात. प्राणायामाशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांस यात फारसे नवल वाटणार नाही.

व्यायाम जुना आहे. चीनमधील मावांगदुई येथे इसवी सनपूर्व १६८ मधील एका थडग्यात व्यायाममुद्रांच्या ४४ आकृती असलेले रेशमी चित्र १९७३ साली सापडले. रोगोपचार म्हणून ‘चीगोंग’ हे नाव रूढ झाले ते मात्र १९५० नंतरच्या दशकात.

‘ची’ नामक प्राणशक्तीचे अभिसरण दोन्ही उपायांनी सुधारते, असे परंपरा मानते. ही शक्ती कोणत्याही उपकरणाने मोजता आलेली नाही. तरीही ही जोड घालण्यास दुसरे, अधिक भक्कम कारण आहे. जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरील एका जर्मन चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर खऱ्या सूचिचिकित्सेने सुमारे ४८ टक्के, परंपरेने न सांगितलेल्या स्थानी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४ टक्के, आणि नेहमीच्या उपचारांनी २७ टक्के रुग्णांस आराम पडला. म्हणजे नेमक्या बिंदूचे माहात्म्य वाटते तितके नाही! शिवाय घरी परतलेला रुग्ण वेदनेच्या भयाने हालचाल टाळतो, स्नायू दुर्बळ होतात व दुखणे पुन्हा डोके वर काढते. हे चक्र सुईने तुटत नाही; नित्याच्या सौम्य व्यायामाने तुटू शकते.

सुया काढल्यावर काहींस घेरी येते. म्हणून रुग्णास लगेच उभे करू नये. प्रथम बसून संथ श्वसन करवावे. मग ‘बादुआनजिन’ या आठ क्रियांच्या मालिकेतील पहिली क्रिया शिकवावी: बोटे गुंफून, तळवे आकाशाकडे करीत, श्वास घेत हात वर न्यावेत आणि श्वास सोडीत खाली आणावेत. एका भेटीत एकच क्रिया पुरे. ती घरी रोज व्हावी.

कंबरदुखीसह पायांतील शक्ती क्षीण होत असेल अथवा मूत्रावरील ताबा सुटत असेल, तर मात्र सुई व व्यायाम दोन्ही बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.