उपजत मृत्यूनंतरचे दुःख आणि स्त्रीची शारीरिक हालचाल

गर्भ पुरेसा वाढल्यानंतर पोटातच किंवा प्रसूतीच्या वेळी दगावल्यास त्यास उपजत मृत्यू म्हणतात. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटना २८ आठवडे किंवा त्यापुढील गर्भ हा निकष धरते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे १९ लाख उपजत मृत्यू झाले. घराघरांत मात्र ‘बाळ पोटातच गेलं’ एवढे म्हणून विषय मिटवला जातो. बाळ गेले, परंतु बाळंतपण झाले आहे, ही गोष्ट त्यात हरवते.

शरीर ती विसरत नाही. दोन-चार दिवसांत दूध उतरते, छाती दाटून दुखते. रक्तस्राव काही आठवडे चालू राहतो. टाके असतात, ओटीपोटाचे स्नायू सैल झालेले असतात. पाळणा रिकामा असताना दूध येणे, ही यातना अनेकींना प्रसूतिवेदनेपेक्षा कठीण वाटते. आणि तिच्याविषयी आधी कोणी सांगितलेलेही नसते.

अशा स्त्रीच्या बाबतीत दोन टोके दिसतात. काही घरांत तिला चाळीस दिवस खोलीबाहेर येऊ देत नाहीत. काही घरांत याच्या अगदी उलट, ‘मूलच नाही, मग आराम कशाचा?’ असे म्हणून आठवडाभरात तिच्या हाती घागर दिली जाते. दोन्ही ठिकाणी तिला काय हवे, हे विचारलेले नसते.

पहिल्या टोकामागे बऱ्याचदा मजहबी गैरसमज असतो. पूर्ण घडलेल्या मृत बालकाच्या प्रसूतीनंतरही निफास लागू होतो. त्याची कमाल मर्यादा हनफी मताप्रमाणे चाळीस दिवस आणि शाफई मताप्रमाणे साठ दिवस आहे. ही कमाल मर्यादा आहे, सक्तीची मुदत नव्हे. रक्तस्राव आधी थांबल्यास गुस्ल करून नमाज सुरू होते. शिवाय निफास म्हणजे इद्दत नव्हे. अंगणात किंवा गच्चीवर चालण्यास त्यात मनाई नाही. आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. नमाज ही इबादत आहे, व्यायाम नव्हे. तरीही पाच वेळा उठणे, वजू करणे, रुकू-सजदा यांनी दिवसाला एक बांधणी असते. निफासच्या काळात नेमकी तीच सुटते. जिक्र आणि दुआ चालू राहतात, पण दिवस मोकळा, लांब आणि सुन्न होतो.

या पार्श्वभूमीवर शारीरिक हालचालीचा विचार करावा लागतो. अमेरिकेतील संशोधिका जेनिफर ह्युबर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उपजत मृत्यू अनुभवलेल्या १७५ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. दुःख व चिंता यांना तोंड देण्यासाठी आपण शारीरिक हालचालीचा आधार घेतो, असे ३८ टक्के स्त्रियांनी सांगितले. शारीरिक हालचाल करणाऱ्या स्त्रियांत नैराश्याची लक्षणे ती न करणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. तथापि ही एकवेळची पाहणी होती. चालल्यामुळे नैराश्य कमी झाले, की नैराश्य कमी असलेल्यांनाच चालणे जमले, याचे उत्तर अशा पाहणीतून निघत नाही. पुढे याच संशोधिकेच्या गटाने घरबसल्या योगासनांचा बारा आठवड्यांचा प्रयोग केला. त्यात आठवड्याला १५० मिनिटे नेमून दिलेल्या स्त्रियांकडून प्रत्यक्षात बरीच कमी मिनिटे झाली. शोकात असलेल्या माणसाला मोठे लक्ष्य देऊ नये, हा धडा आपल्याला येथे मिळतो.

‘घरकाम तर ती करतेच, मग वेगळे चालणे कशाला?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. घरकामही हालचालच आहे, यात शंका नाही. परंतु कपडे धुताना ती दुसऱ्यांसाठी राबत असते, आणि सासू-जावांच्या नजरेखाली असते. नणंदेबरोबर फज्रनंतर दहा मिनिटे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणे हा तिचा स्वतःचा वेळ असतो. चालताना समोर पाहायचे असते, एकमेकींच्या तोंडाकडे नाही. त्यामुळे रडणेही सोपे जाते आणि बाळाचे नाव घेणेही. सब्र म्हणजे अश्रू गिळणे असा अर्थ कोणी लावत असेल, तर त्याला एवढेच आठवून द्यावे की आपला मुलगा इब्राहीम यांच्या निधनप्रसंगी पैगंबर साहेबांच्या (सल्ल.) डोळ्यांतूनही अश्रू वाहिले होते.

सुरुवात डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारूनच करावी. साध्या प्रसूतीनंतर हलके चालणे लवकर सुरू होऊ शकते. सिझेरियननंतरही थोडे थोडे चालणे पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून उपयोगी असते. जड उचलणे मात्र टाळावे. श्रमाने रक्तस्राव वाढला, पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा धाप लागली, तर थांबून ताबडतोब दवाखाना गाठावा.

आपल्या वर्गात आरोग्य सहायक किंवा शिवणकाम शिकणाऱ्या मुलींमध्ये अशी एखादी असतेच. गैरहजेरीनंतर ती परतली की ‘विसरून जा, दुसरे होईल’ हे वाक्य शिक्षकांनी टाळावे. ‘तुझे बाळंतपण झाले आहे, तब्येत कशी आहे?’ हा प्रश्न तिला पुष्कळ काही परत देतो. चालायला जायचे नाही म्हणाली, तर तेही मान्य करावे. दोन आठवड्यांनंतरही झोप, जेवण तुटलेलेच असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे पाठवावे. जगणे नकोसे झाल्याचे ती बोलली, तर मात्र एक दिवसही थांबू नये, तिला एकटे सोडू नये. तेथे चालण्याचा सल्ला पुरेसा नाही. टेली-मानस ही शासकीय मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, आणि तेथे तिच्या वतीने शिक्षकही बोलू शकतात.