इंजिनाचा भाता

मुलांनो, तुम्ही लोहाराची भट्टी पाहिली आहे का? लोहार भाता ओढू लागला की निखारे लालभडक होतात. कोळसा तेवढाच असतो, मग आच का वाढते? कारण कोळशाला जास्त हवा मिळते. मोटारीच्या इंजिनालाही असा भाता लावता येतो. त्याला सुपरचार्जर म्हणतात.

साधे पेट्रोल इंजिन स्वतःच हवा आत ओढते. दट्ट्या सिलिंडरमध्ये खाली सरकतो, तेव्हा आत पोकळी होते आणि बाहेरची हवा पेट्रोल घेऊन आत शिरते. दट्ट्या वर येऊन हे मिश्रण दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो.

तुम्ही म्हणाल, “मग पेट्रोलच जास्त घालावे!” पण तसे चालत नाही. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली, तर उरलेले पेट्रोल धूर होऊन वाया जाते. म्हणून ताकद हवी असेल, तर आधी हवा वाढवली पाहिजे.

सुपरचार्जर हेच काम करतो. त्याच्या एका प्रकारात इंग्रजी आठच्या आकाराची दोन चक्रे एकमेकांना न घासता फिरतात आणि हवा पुढे रेटतात. ती फिरवण्याची शक्ती इंजिनच देते. म्हणजे मिळालेल्या ताकदीतून थोडी ताकद आधीच खर्च होते!

आता एक खरी हकीकत ऐका. १९२८ साली फ्रान्समध्ये ल मां येथे चोवीस तासांची शर्यत झाली. ती इंग्लंडच्या बेंटली कंपनीच्या साडेचार लिटर इंजिनाच्या मोटारीने जिंकली. पुढे टिम बर्किन या शर्यतपटूला वाटले, की या इंजिनाला सुपरचार्जर लावावा. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हे पटले नाही. ताकद हवी तर इंजिनच मोठे करावे, असे त्यांचे मत होते.

बर्किनने हट्ट सोडला नाही. साध्या गाडीची ताकद सुमारे ११० अश्वशक्ती होती. सुपरचार्जर लावलेल्या शर्यतीच्या गाडीची ताकद सुमारे २४० अश्वशक्ती झाली!

१९३० साली ल मां येथे दोघांची परीक्षा झाली. बर्किनने सुसाट गाडी हाकून जर्मनीची मर्सिडीज मागे टाकली. पण चोवीस तास पुरे होण्याआधीच सुपरचार्जर लावलेल्या दोन्ही बेंटली बंद पडल्या. मोठ्या इंजिनाच्या, सुपरचार्जर नसलेल्या बेंटली मात्र पहिल्या आणि दुसऱ्या आल्या.

असे का झाले? सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. दाबलेली हवा तापते. अशी हवा इंजिनात पुन्हा दाबली गेली, की मिश्रण वेळेआधीच पेटू शकते आणि दट्ट्यांना हादरे बसतात. बर्किनच्या गाडीचे काही भाग मजबूत केले होते, तरी चोवीस तासांचा ताण तिला झेपला नाही.

मग बर्किन चुकला का? अगदी तसे नाही. १९३२ साली सुपरचार्जर लावलेल्या बेंटलीनेच त्याने इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे ताशी सुमारे २२२ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. थोडा वेळ धावायचे होते, तिथे हा भाता कामी आला.

आजही साध्या इंजिनाला सुपरचार्जर लावणारा जाणता कारागीर आधी विचारतो : हा दाब दट्ट्ये सोसतील का? पेट्रोल पुरेसे मिळेल का? तापलेली हवा थंड कशी करायची? मुलांनो, भाता जोरात ओढणे सोपे असते. पण भट्टी ती आच सोसेल का, हे आधी पाहावे लागते.

स्वाध्याय

१. नुसते पेट्रोल वाढवून इंजिनाची ताकद का वाढत नाही?
२. बर्किन आणि बेंटली यांच्या मतांत कोणता फरक होता?
३. १९३० आणि १९३२ सालच्या घटनांवरून तुम्ही काय शिकलात, ते पाच ओळींत लिहा.