माळ्यावरची काळी पेटी

माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत एखादी काळी पेटी तुम्हांला सापडते. पुढे वाटाण्याएवढे भिंग, बाजूला एक खटका, मागे एक लाल खिडकी. हा कॅमेरा आहे हे तुमच्या ध्यानात येते आणि हात आपोआप मागच्या झाकणाकडे जातो. थांबा! झाकण उघडू नका. आधी लाल खिडकीतून आत पाहा. तिथे एखादा आकडा दिसला तर आत फिल्म आहे आणि तिच्यावर कुणाचे तरी फोटो असू शकतात.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. १९८१ च्या मे महिन्यात मी आजोळी, कोकणात होतो. मामांचा जुना कॅमेरा माळ्यावर सापडला. मी झाकण उघडले आणि आतली कागदी गुंडाळी हौसेने ओढून उलगडू लागलो. मामा ओरडले तेव्हा हातभर फिल्म उन्हात आली होती. त्या रोलचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

आता तुम्ही विचाराल, न धुतलेल्या फिल्मवर चित्र इतकी वर्षे राहते कसे? फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. शटर उघडले की ज्या स्फटिकांवर पुरेसा प्रकाश पडतो, त्यांच्यात चांदीचे चार-पाच अणू एकत्र येऊन एक ठिपका होतो. हा ठिपका सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाही. पण फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली की ठिपका असलेला सगळा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. ठिपका नसलेला तसाच राहतो आणि पुढे हायपोत, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात, विरघळून जातो. चार-पाच अणूंच्या खुणेवरून अब्जावधी अणूंचे रूपांतर! धुण्यापूर्वीच्या या न दिसणाऱ्या चित्राला सुप्त प्रतिमा म्हणतात.

ती किती टिकते? ११ जुलै १८९७ रोजी आंद्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रँकेल हे तीन स्वीडिश साहसवीर स्पिट्सबर्गेन द्वीपसमूहातून वायुगोलातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांच्या आत त्यांचा वायुगोल बर्फावर उतरला आणि पुढे महिनोन्‌महिने पायपीट करून ते क्वितोया नावाच्या बेटावर मरण पावले. १९३० मध्ये त्यांचे अवशेष सापडले; बरोबर स्ट्रिंडबर्गने वापरलेल्या फिल्मही. बर्फात ३३ वर्षे पडलेल्या त्या फिल्म हर्ट्झबर्ग यांनी अतिशय सावधपणे धुतल्या. २४० पैकी ९३ चित्रे हाती आली. बर्फावर कोसळलेल्या वायुगोलाकडे पाहत उभी असलेली माणसे त्यांत दिसतात. अर्थात तिथे थंडी होती. कोकणातल्या दमट उकाड्यात सुप्त प्रतिमा इतका दम धरत नाही.

आता पेटीकडे वळू. १९०० साली कोडॅक कंपनीने ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा काढला. किंमत अवघा एक डॉलर! फोटो काढणे हे श्रीमंतांचे काम होते, ते शाळकरी मुलांच्या हातात आले. पुढच्या वर्षी, १९०१ मध्ये, ब्राउनी क्रमांक २ साठी १२० क्रमांकाची फिल्म आली. गंमत अशी की ही फिल्म आजही कारखान्यांत तयार होते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पेटीत आजचा रोल घातला तर तो नीट बसतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत दिसे तो आग्फा क्लिक थ्री. तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होई, आणि १२० च्या एका रोलवर त्यात चौरस असे १२ फोटो निघत.

जुना कॅमेरा विकत घेताना म्हणूनच आधी रीळ पाहावे. ६२० क्रमांकाची फिल्म १२० एवढीच रुंद होती, पण तिचे रीळ बारीक. आणि ती आता तयार होत नाही. देखणा आणि स्वस्त म्हणून ६२० चा कॅमेरा घ्यायचा आणि मग १२० ची फिल्म अंधारात दुसऱ्या रिळावर गुंडाळत बसायचे, असा उद्योग पुष्कळांनी केला आहे. भिंगासमोर विजेरी धरून तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती हमखास येते, आणि चामड्याचे म्यान ओलावा धरून तिला मदतच करते. म्यान वेगळे ठेवा. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

बहुतेक पेटी कॅमेऱ्यांत भिंग जागचे हलत नाही. तरीही साधारण तीन-चार मीटरांपासून डोंगरापर्यंत सारे बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, कारण भिंगामागचे छिद्र लहान असते. ते किती लहान, हे तुम्हीच मोजा. रिकाम्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडा, फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा आणि शटर उघडे राहील असा खटका असेल तर तो लावा. खिडकीबाहेरचे झाड कागदावर उलटे दिसेल. भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर हे जवळजवळ नाभीय अंतर. समजा ते ७२ मिलिमीटर आले आणि छिद्राचा व्यास साडेसहा मिलिमीटर. ७२ ला ६.५ ने भागले की ११ येतात. छायाचित्रकार ज्याला एफ ११ म्हणतात, तो आकडा हाच.

शटरचा वेग कसा मोजाल? हल्ली पुष्कळ मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूने भिंगाचे चित्रण करा, पुढे दिवा ठेवा आणि खटका दाबा. नंतर एकेक चित्र सरकवत, उजेड किती चित्रांत दिसतो ते मोजा. सहा चित्रांत दिसला तर वेळ झाला ६ भागिले २४०, म्हणजे एका सेकंदाचा चाळिसावा भाग.

आता गणित. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा: लख्ख उन्हात छिद्र एफ १६ ठेवले तर फिल्मच्या वेगाचा जो आकडा, सेकंदाचा तितकावा भाग शटर उघडे ठेवावे. १०० वेगाच्या फिल्मला शंभरावा भाग. आपले छिद्र एफ ११ आहे, त्यातून दुप्पट प्रकाश येतो. आणि शटर अडीचपट वेळ उघडे राहते. म्हणजे फिल्मला पाचपट प्रकाश मिळाला! फोटो बिघडेल? नाही. कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश बराच सोसते; कमी पडलेला मात्र सोसत नाही. म्हणून असे कॅमेरे मुद्दामच सैल हाताने बेतलेले असत. फिल्म ४०० वेगाची घातली तर उन्हात वीसपट प्रकाश होईल. ती ढगाळ दिवसासाठी ठेवा. आणि चाळिसावा भाग म्हणजे हात हलायला पुरेसा वेळ. पेटी पोटाशी घट्ट धरा, श्वास रोखा, मगच खटका दाबा.

राहिली ती लाल खिडकी. फिल्मच्या मागे कागदाची पट्टी असते आणि तिच्यावर आकड्यांच्या तीन रांगा. आठ, बारा की सोळा फोटो, त्याप्रमाणे कॅमेऱ्याची खिडकी त्या त्या रांगेवर येते. पण काच लालच का? जुन्या फिल्मना लाल रंग दिसतच नसे. फोटोत लाल कुंकू काळे येई ते यामुळेच. लाल प्रकाश आत झिरपला तरी बिघडत नसे. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले, की स्फटिकांना विशिष्ट रंगद्रव्ये लावली तर फिल्मला दुसरे रंगही दिसू लागतात. त्याच वाटेने पुढे लालासकट सारे रंग दिसणाऱ्या फिल्म आल्या. आजच्या बहुतेक फिल्म तशाच आहेत. तेव्हा खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि फिल्म पुढे सरकवण्यापुरतीच, सावलीत, उचला. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माझे दोन रोल फुकट गेले आहेत.

आता मामांचा रोल. फोटो काढून झालेली फिल्म दुसऱ्या रिळावर गुंडाळली जाते, म्हणजे पहिला फोटो सर्वांत आत असतो. मी बाहेरचे वेढे ओढले होते; आतल्या वेढ्यांना कागदाने वाचवले. तालुक्याच्या गावच्या एका स्टुडिओतल्या गृहस्थांनी फिल्म धुऊन दिली. तीन चौकटी आल्या. पहिलीत नुसती कौले. दुसरीत आजोबा, झोपाळ्यावर, मान दुसरीकडे वळवलेली. मी त्यांना कधी पाहिले नव्हते. तिसऱ्या चौकटीच्या कडेने काळा पट्टा होता आणि पट्ट्याच्या अलीकडे कुणाचा तरी काठी धरलेला हात. पुढच्या चार चौकटी नुसत्या काळ्या. मामांनी ती पट्टी खिडकीशी धरली आणि काळ्या चौकटींवर बोट ठेवत ते सांगू लागले, “ह्यात विहिरीवर थोरली मावशी होती. ह्यात आपला बैल...”