तळ्याकाठी तीन दिवस आणि एक चुकलेलं पाणी

(आमच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'अं' थोडे काढलेत, बाकी बोलले तसंच आहे. लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी खास.)

आजचा विषय आहे निसर्गचित्रांचं शिबिर. पाण्याच्या काठी तंबूत राहायचं, चुलीवरचं जेवायचं आणि दिवसभर उघड्यावर बसून समोर जे दिसतंय ते रंगवायचं. फेब्रुवारीत मी भंडारदऱ्याला असं तीन दिवसांचं शिबिर करून आले. त्याची स्टोरी टाकली तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता: "फोटो काढून घरी पंख्याखाली बसून रंगवलं तर काय बिघडतं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मी स्वतः चार वर्षं तेच करत होते. आज त्याचं उत्तर देते, आणि शेवटी माझी फजिती झाली तीही सांगते. खरं उत्तर त्या फजितीतच आहे.

आधी जागा समजून घेऊ (०२:१०)

भंडारदरा अकोले तालुक्यात आहे. मुंबईहून कसारा घाट चढायचा, इगतपुरी गेलं की घोटीवरून आत वळायचं. इथे प्रवरा नदीवर विल्सन धरण आहे. त्याचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पूर्ण झालं. त्या धरणामागे अडलेलं पाणी म्हणजे आर्थर लेक. आपण त्याला तळं म्हणतो, पण ते धरणाचं पाणी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

उत्तरेला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पाण्याच्या वरच्या टोकाला, नैर्ऋत्येला, रतनगड. आम्ही होतो धरणाच्या बाजूच्या काठावर. सकाळी ऊन आमच्या पाठीमागून यायचं आणि रतनगडाची एकेक घडी स्वच्छ दिसायची. संध्याकाळी सूर्य त्याच बाजूला उतरायचा आणि तोच डोंगर नुसता एक निळा-काळा कागद कापून लावल्यासारखा व्हायचा. जागा तीच, डोंगर तोच, पण चित्रं दोन.

कॅम्प म्हणाल तर अगदी साधा. तंबू, सतरंज्या, एक पत्र्याची शेड, चूल. पहाटे तंबू दवाने ओलाचिंब. रेंज एकाच दगडावर, तीही उभं राहिलात तर.

बाहेर बसून रंगवायचं हे खूळ आलं कुठून? (०४:३०)

चित्रकार बाहेर जाऊन रेखाटनं पूर्वीही करत, पण मोठं काम स्टुडिओत. तैलरंग बाहेर नेणं कटकटीचं होतं, कारण तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. रंग खिशात मावायला लागले आणि पुढच्या पिढीतले फ्रान्सचे चित्रकार सर्रास शेतात, नदीकाठी जाऊन बसू लागले.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथे शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटितीर्थ हा तिथला तलाव त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात. १९३१ साली ते गेले. घराजवळचं एक तळं माणसाला किती वर्षं पुरू शकतं, बघा.

फोटोत काय हरवतं? (०६:१५)

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तीन गोष्टी सांगते.

एक, फोनची मुख्य लेन्स बऱ्यापैकी रुंद कोन पकडते. त्यामुळे समोर अंगावर येणारा रतनगड फोटोत टेकडीएवढा होतो. तुम्ही सगळ्यांनी चंद्राचा फोटो काढलाय ना? तेच.

दोन, सावल्या. आपले डोळे आकाशाकडे बघताना वेगळे जुळवून घेतात आणि झाडाखालच्या अंधाराकडे बघताना वेगळे. फोन दोन्ही एकदम दाखवायला जातो, मग सावल्या उजळतो, आकाश दाबतो आणि सगळं सारखंच होऊन बसतं. सावलीच्या आतला जांभळा, तपकिरी त्यात सापडत नाही.

तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची: वेळ. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. तुम्ही दोन तास बसलात तर सूर्य आकाशात ३० अंश सरकलेला असतो. सावल्या हललेल्या असतात. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच ठरवावं लागतं की आपण कुठला उजेड रंगवतोय, आणि मग त्यालाच धरून राहायचं. आमचे सर सारखं सांगायचे, सावल्यांच्या मागे धावू नका. फोटो समोर असला की ठरवायची गरजच पडत नाही. म्हणून सोपं वाटतं, आणि म्हणूनच शिकायला कमी मिळतं.

दिवसभर करतात काय? (०८:४०)

सकाळी साडेसहाला चहा, सातला जागेवर. आधी काडेपेटीएवढी लहान चौकट काढून पेन्सिलीने फक्त तीन छटा भरायच्या: उजळ, मधली, गडद. पाच मिनिटं, बास. त्यासाठी डोळे किलकिले करून बघायचं. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि मोठे आकार राहतात. इथे फोन उपयोगी आहे बरं का! कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइट करा आणि समोरचं दृश्य नि आपलं चित्र दोन्ही त्यातून बघा. छटा कुठे फसल्या ते लगेच कळतं.

मग जलरंग. लांबचं फिकं आणि निळसर, जवळचं गडद आणि उबदार. मधल्या हवेत उजेड विखुरतो म्हणून लांबचे डोंगर निळे दिसतात. पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली पडतं, तिरकं नाही. बहुतेक वेळा पाण्यात उजळ गोष्ट जरा गडद दिसते आणि गडद गोष्ट जरा उजळ.

चुका कुठे होतात? पहिली, कागदावर थेट ऊन. कागद इतका चमकतो की आपण नकळत रंग गडद लावतो, आणि तंबूत आल्यावर चित्र काळंकुट्ट. म्हणून कागद सावलीत ठेवायचा आणि गॉगल काढायचा. दुसरी, हवा. पहाटे दवात रंग वाळता वाळत नाही, आणि अकरा वाजता कोरड्या वाऱ्यात ब्रश उचलायच्या आत वाळतो, कडा पक्क्या बसतात. कागद ३०० जीएसएमचा घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो.

आणि एक कळकळीची विनंती. रंगाचं पाणी तळ्यात ओतू नका. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं. ते पाणी पुढे लोकांच्या शेतात जातं. एक रिकामी बाटली न्या आणि त्यात भरून परत आणा.

आता माझी फजिती (११:५०)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खूश होते. निळंशार पाणी, काठाला टेकलेली हिरवळ, मागे डोंगर. मनात म्हटलं, हे तर पोस्ट करायचंच. तेवढ्यात जेवण करणाऱ्या मावशी चहा घेऊन आल्या. थोडा वेळ चित्राकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चांगलंय. पण हे श्रावणातलं काढलंय का?"

मला कळेना. म्हटलं, "नाही मावशी, आत्ताचंच आहे."

"मग पानी एवढं वर कुठंय? बघ की, पार खाली गेलंय."

मी मान वर करून बघितलं. दोन दिवस मी त्या काठासमोर बसले होते आणि तो मी बघितलाच नव्हता. पाणी खूप खाली होतं. मध्ये उघड्या मातीचे पट्टे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे, एकाखाली एक. मावशी बोट दाखवत सांगत होत्या: सगळ्यात वरचा पट्टा, पाणी तिथवर होतं तेव्हा त्यांचा भात काढून झाला होता. त्याच्या खालचे एकेका आवर्तनाचे. आवर्तन म्हणजे धरणातून शेतीसाठी सोडलेलं पाणी. प्रत्येक वेळी पाणी उतरलं आणि काठावर रेघ सोडून गेलं. मावशी तो काठ कॅलेंडरसारखा वाचत होत्या.

आणि मी काय केलं होतं? समोर खरं तळं असताना, फोनवर शेकडो वेळा बघितलेलं पावसाळ्यातलं भंडारदरा रंगवलं होतं. फोटो खिशात नव्हता, डोक्यात होता. म्हणजे शहर सोडून, तंबूत राहून, डास चावून घेऊन मी शेवटी स्क्रीनच कॉपी केली होती.

फार वाईट वाटलं मला. रात्री झोपही नीट लागली नाही. कारण प्रश्न चित्राचा नव्हता. आणखी काय काय मी न बघताच 'बघितलं' म्हणत असेन, असं डोक्यात येत राहिलं.

तिसऱ्या सकाळी मी त्याच जागी बसले. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून ते मातीचे पट्टे केले. कागदाचा निम्मा भाग नुसती माती, पिवळं गवत, आणि पाणी चिंचोळं. सुंदर वगैरे काही झालं नाही. मावशींना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग एका पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा जरा वर पायजे."

बरोबर होतं त्यांचं. आता ते चित्र माझ्या टेबलासमोर लावलंय, तो पट्टा चुकलेला तसाच ठेवून.

तुमच्यासाठी (१५:२०)

शिबिराला जायलाच हवं असं नाही. या आठवड्यात एवढंच करा: फोन फ्लाइट मोडवर टाका, २० मिनिटांचा टायमर लावा आणि खिडकीतून दिसतं ते पेन्सिलीने काढा. समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी असली तरी चालेल. झाल्यावर घरातल्या कुणाला तरी दाखवा, आई, आजी, कामाला येणाऱ्या ताई, ज्यांनी ती खिडकी रोज बघितली आहे. त्यांना विचारा, यात काय राहिलंय?

उत्तर काय मिळालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, बघत राहा!